पीटीओवर घरचा चरक चालवायचा तर आधी ट्रॅक्टरचा जोर कमी करा

आमच्याकडं उसाचा चरक आहे तो आज्याच्या काळातला, तीन रोलरचा, आडवा, सगळा बीडाचा (ओतीव लोखंडाचा). घरची काकवी आणि पै-पाहुण्यांपुरता गूळ एवढंच त्याच्यावर होतं, वर्षातनं फार तर पंचवीस-तीस दिवस. त्याला दहा एचपीचं जुनं हळू इंजिन होतं, ६५० आरपीएमचं (मिनिटाला ६५० फेरे), आणि मधी सपाट पट्टा. इंजिनची क्रँक गेली, पार्ट मिळेना, आणि दारात तर ४५ एचपीचा ट्रॅक्टर नुसता उभा. मग कुणाच्याही डोक्यात येईल तेच माझ्याही आलं, पीटीओ (अवजारं फिरवायला ट्रॅक्टरच्या मागं निघालेला शाफ्ट) लावू की. मी आयटीआय फिटर आहे, इंजिनीअर नाही, त्यामुळं पहिल्यांदा जे केलं ते चुकलं आणि दुसऱ्यांदा जे केलं ते आज चालतंय. दोन्ही सांगतो कारण पहिली चूक बरेच जण करतायत.

पहिल्यांदा काय केलं, तर भंगारातनं जीपचं मागचं हौसिंग (मागच्या चाकांमधला गिअरचा डबा) आणलं. कल्पना साधी, पीटीओ पिनियनला (आतल्या बारक्या गिअरला) जोडायचा, क्राउनमधे (मोठ्या गिअरमधे) फेरे पाचपट कमी होतात, आणि एका ॲक्सलला कपलिंग लावून थेट चरकाच्या पुली-शाफ्टला भिडवायचा, पट्टा नको न काय नको. (हौसिंग वापरणार असाल तर दोन्ही ॲक्सलना वेगवेगळं फिरू देणारे आतले स्पायडर गिअर वेल्ड करून लॉक करावे लागतात, नाहीतर लोड आला की ज्या बाजूला लोड नाही तीच बाजू मोकळी गरागरा फिरते आणि चरक जागेवर. यात आमचा एक अख्खा दिवस गेला.) चालू केलं आणि काय तो रस! इंजिनावर असताना जाड ऊस घातला की इंजिन धापा टाकायचं, पट्टा चर्र चर्र करायचा, मग हात आवरून ऊस घालावा लागायचा. ट्रॅक्टरला पत्ताच नाही. पाच-पाच ऊस एकदम घाला, आवाजात फरक नाही. आम्ही खूश.

तिसऱ्या दिवशी मोळीतनं कोयता आला. तोडणाऱ्यानं मोळी बांधताना आतच राहिलेला. बारका भाऊ ऊस घालत होता, त्याला पात्याचं टोक दिसलं तोवर ते रोलरमधे गेलेलं. इंजिन असतं तर पट्टा उडाला असता नाहीतर इंजिन भक भक करून बंद पडलं असतं. ट्रॅक्टर एक सेकंद पण दबला नाही. नुसता "टक्" असा आवाज झाला, सुपारी फोडल्यासारखा, आणि चरकाच्या मोठ्या गिअरचे सलग तीन दात खाली मांदणात (रस साठतो त्या भांड्यात) पडले. आमचे अण्णा पळत आले आणि म्हणाले, "आरं, ह्यो थांबत कसा न्हाई?" गिअर तुटल्यावर पण पुली-शाफ्ट तसाच फिरत होता, ट्रॅक्टर आपला मजेत.

अण्णांचा तो प्रश्न हेच या सगळ्या कामाचं मर्म आहे. चरकाला फिरवायचं कसं हा प्रश्नच नाही, ४५ एचपीचा ट्रॅक्टर काय पण फिरवंल. तो थांबवायचा कसा, आणि थांबला नाही तर आधी काय तुटू द्यायचं, हे ठरवायचं असतं.

आकड्यात बघा म्हणजे भीती बसंल. दहा एचपी ताकद ५४० आरपीएमला दिली तर शाफ्टवरचा पीळ किती, तर शाफ्टला एक मीटरची पहार आडवी लावून तिच्या टोकाला साडेतेरा किलो टांगल्याएवढा. काहीच नाही. पण रोलर फिरतो मिनिटाला १२ फेरे, म्हणजे ४५ पट हळू, आणि फेरे जेवढ्या पटीत कमी होतात तेवढ्या पटीत पीळ वाढतो. म्हणजे रोलरपाशी त्याच पहारीच्या टोकाला ६०० किलो. चरक बनवणाऱ्यानं दात, शाफ्ट, बुश सगळं त्या हिशोबानं केलेलं. आता पीटीओला ४० एचपी येऊ द्या, तिथं होतात २४०० किलो, म्हणजे पहारीला ट्रॅक्टरच टांगला म्हणा. बीड हे वाकत नाही, ते तुटतं. आणि तुटलेलं बीड घरच्या वेल्डिंगला दाद देत नाही, तापवून, खास कांडीनं, हळूहळू थंड करत करावं लागतं आणि दात तरी टिकंलच असं नाही. मी शेवटी कोल्हापुरात उद्यमनगरात जाऊन गिअर नवा कापून आणला, त्या पैशात पुढचं सगळं सामान आलं असतं.

तर आता दुसऱ्यांदा काय केलं ते.

आधी पीटीओचं. बहुतेक ट्रॅक्टरला मागं मिनिटाला ५४० फेऱ्यांचा पीटीओ असतो, ६ स्प्लाइनचा (शाफ्टवरच्या उभ्या दात्यांचा), ३५ मिमीचा, आयएस ४९३१ मधे हे ठरवून दिलंय त्यामुळं कुठल्याही कंपनीचा असला तरी योक (जोडायचं तोंड) बसतो. २१ बारीक स्प्लाइन दिसल्या तर तो १००० चा आहे, त्याच्यावर हे माप चालणार नाही. ५४० हे फेरे इंजिन ठराविक आरपीएमला असतानाच पडतात, ते मीटरवर खूण करून दाखवलेलं असतं नाहीतर पुस्तकात असतं. पीटीओला खरी ताकद किती येते ते बघायचं तर मध्य प्रदेशातल्या बुदनीला ट्रॅक्टर तपासायची सरकारी संस्था आहे, तिच्या टेस्ट रिपोर्टमधे तुमच्या मॉडेलचा आकडा सापडंल. पण खरं सांगायचं तर या कामाला तो आकडा फक्त घाबरायला उपयोगी, कारण आपल्याला लागणार दहा-बारा एचपी.

आता फेऱ्यांचा हिशोब. माझ्या चरकाची मोठी पुली ३६ इंची, तिचे १५ फेरे झाले की रोलरचा एक फेरा. तुमचा किती ते हातानं फिरवून मोजा, रोलरवर खडूची खूण करा आणि पुलीचे फेरे मोजत जा, कॅटलॉग शोधत बसू नका. जुन्या इंजिनावर १० इंची पुली होती. म्हणजे ६५० गुणिले १०, भागिले ३६, झाले १८० फेरे, आणि रोलर १२. पीटीओचे फेरे ५४०, मग पुली घेतली १२ इंची. ५४० गुणिले १२ म्हणजे ६४८०, आणि जुनं होतं ६५००, जवळपास तेच. याचा दुसरा फायदा असा की पट्ट्याचा वेगही तोच राहिला, त्यामुळं जो पट्टा आधी दहा एचपीला पुरत होता तोच आता पुरतो, पट्टा रुंद करायची गरज नाही. १० इंचीच पुली ठेवली असती तर पट्टा हळू पळाला असता आणि तेवढ्याच ताकदीला ताण जास्त आला असता. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, ते म्हणतात पट्टा घसरतोय, आणि मग राळ चोळत बसतात.

ही १२ इंची पुली ट्रॅक्टरच्या पीटीओवर थेट बसवायची नाही. तसं केलं तर पट्ट्याची सगळी ओढ पीटीओच्या बेअरिंगवर एका बाजूनं येते, ते त्यासाठी केलेलं नसतं, आणि पट्टा ताणला की ट्रॅक्टरच सरकतो. ट्रॅक्टर आणि चरकाच्या मधी, जमिनीत पक्का काउंटर शाफ्ट करायचा. ५० मिमीचा ईएन ८ पोलादाचा बार, दोन प्लमर ब्लॉक (बेअरिंगचे ठोकळे) यूसीपी २१० (त्यांचं बोअर ५० मिमीच असतं), दोन्हीच्या मधी पुली, ती शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत मारायची चावी १४ बाय ९ मिमीची. पुली बेअरिंगच्या बाहेर लोंबती ठेवू नका, मधीच ठेवा. मग पट्टा घालणार कसा असं विचाराल तर सपाट पट्ट्याला क्लिपांचा जोड असतो, सळई काढली की पट्टा उघडतो. खाली ४ इंची चॅनलची फ्रेम, काँक्रीटमधे जे-बोल्ट. काँक्रीट करताना हात आखडू नका, दोन फूट तरी खोल जा, कारण पट्टा दिवसभर त्या फ्रेमला चरकाकडं ओढत असतो आणि ऊन-पावसाच्या जमिनीत फूटभर काँक्रीट म्हणजे दात हलल्यासारखं हलतं.

शाफ्टच्या टोकाला ६ स्प्लाइनचं ३५ मिमीचं टोक लागतं. ते लेथवर घरच्या घरी कापायच्या भानगडीत पडू नका. जुन्या रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट भंगारात मिळतो, त्याचं स्प्लाइनचं टोक कापून टर्नरकडनं काउंटर शाफ्टला बोअर मारून बसवायचं, चावी मारायची, मग वेल्ड करायचं. नुसतं तोंडाला तोंड लावून वेल्ड मारलेलं मी एका ठिकाणी बघितलंय, ते डोळ्याला पण वाकडं फिरताना दिसत होतं.

कुठल्या टोकाला स्प्लाइन करायची हे आधी ठरवा, कारण दिशेचा प्रश्न तिथंच सुटतो. ट्रॅक्टरच्या मागं उभं राहून पीटीओकडं बघितलं तर तो घड्याळाच्या काट्याप्रमाणं फिरतो. चरकाची पुली हातानं फिरवून बघा, कुठल्या बाजूला फिरवली की वरचा रोलर ऊस आत ओढतो. उलटं येत असंल तर दोन उपाय, पट्टा आठच्या आकड्यासारखा तिढा घालून घालायचा, नाहीतर ट्रॅक्टर काउंटर शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला लावायचा, दिशा आपोआप उलटी होते. तिढ्यात पट्टा पट्ट्याला घासतो आणि लवकर खातो, त्यामुळं जागा असंल तर दुसरा उपाय करा. आणि एक, काउंटर शाफ्ट चरकाच्या पुली-शाफ्टला समांतर असतो, म्हणजे ट्रॅक्टर पट्ट्याच्या रेषेत नाही तर आडवा उभा राहतो. हे कागदावर कळत नाही. चुन्यानं जमिनीवर आखून ट्रॅक्टर खरंच आणून उभा करा, ऊस कुठनं येणार, चिपाडं कुठं पडणार, माणूस कुठनं जाणार-येणार, ते चालून बघा. आमच्यात पहिल्या आखणीत चिपाडं ओढणारा माणूस दर वेळी पीटीओ शाफ्ट ओलांडून जाणार होता! तिथल्या तिथं बदललं.

ट्रॅक्टरचं तोंड वाऱ्याच्या बाजूला येईल असं बघा, कारण चिपाडाचा बारीक भुसा उडून जाळीवर बसतो, रेडिएटर चोंदतो, आणि जागेवर उभ्या ट्रॅक्टरला वारा फक्त त्याच्या फॅनचा. आम्ही दर दोन तासांनी जाळीवर हात फिरवतो. धूर पण रसावर येऊ नये, सायलेन्सर खालून असंल तर वाकडा पाइप लावा, गुळाला डिझेलचा वास लागला की कुत्रं पण खात नाही.

पीटीओ शाफ्टबद्दल थोडक्यात. रोटरचाच (रोटाव्हेटरचाच) वापरला तरी चालतो. काउंटर शाफ्टची उंची पीटीओच्या उंचीएवढी ठेवा म्हणजे शाफ्ट जवळपास सरळ राहतो, क्रॉस टिकतात, थोडा फार कोन आला तर दोन्ही टोकाला सारखा यायला पाहिजे. दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत पाहिजेत, एक आडवा एक उभा बसवला तर शाफ्ट धडधडतो आणि लोक बेअरिंगला दोष देतात. आतला पाइप बाहेरच्यात निदान एक तृतीयांश तरी शिरलेला पाहिजे, आणि पूर्ण टेकलेलाही नको, एक-दोन इंच मोकळं. ट्रॅक्टर दर वेळी त्याच जागी यावा म्हणून मागच्या चाकांना टेकायला दोन ओंडके कायमचे पुरून टाका. लिंकेज वर करून ठेवा, हूक काढा.

पट्ट्याची लांबी काढायची सोपी रीत, दोन शाफ्टमधल्या अंतराची दुप्पट, त्यात दोन्ही पुल्यांच्या व्यासांची बेरीज १.५७ नं गुणून मिळवायची, वर इंचभर. माझं अंतर दहा फूट, म्हणजे १२० इंच. दुप्पट २४०, पुल्यांची बेरीज ४८, तिचे झाले ७५, आणि वर एक, ३१६ इंच, म्हणजे २६ फूट ४ इंच. अंतर दहा फुटापेक्षा कमी करू नका, लहान पुलीवर पट्ट्याला पकड कमी मिळते. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते दोरीनं बघायचं, मोठ्या पुलीच्या कडेला दोरी धरून लहान पुलीच्या कडेपर्यंत ताणायची, पुल्या सारख्या रुंदीच्या असतील तर चारी ठिकाणी दोरी सारखी टेकायला पाहिजे. दोन मिमीचा फरक सुद्धा पट्टा बाजूला सरकवतो.

आता थांबवायचं काम, ज्यासाठी हे एवढं लिहितोय.

पहिलं म्हणजे पट्टा स्वतःच. जास्त लोड आला की तो घसरतो, आणि घसरलाच पाहिजे. म्हणून राळ लावू नका, पट्टा गिटारीच्या तारेसारखा ताणू नका. ऊस जरा जास्त घातला की "चुई" असा आवाज आला म्हणजे बरोबर ताण आहे. अण्णांना हा आवाज कानात पक्का बसलाय, ते चुलवाणापाशी बसून तिथनं ओरडतात, "हात आवर रं."

दुसरं, जॉकी पुली. पट्टा मुद्दाम सैल ठेवायचा, इतका की नुसता ठेवला तर चरक फिरणारच नाही, आणि पट्ट्याच्या ढिल्या बाजूवर, लहान पुलीजवळ, एक बारकी पुली दाबायची म्हणजे पट्टा ताणला जातो. ही बारकी पुली एका लांब दांडीवर. दांडी खाली दाबून खिट्टीत अडकवली की चरक चालू. दांडीच्या दुसऱ्या टोकाला वजन बांधलेलं (मी नांगराचं जुनं लोखंड बांधलंय, वीस-बावीस किलो असंल), खिट्टी सुटली की वजन खाली जातं, जॉकी वर उचलली जाते, पट्टा सैल पडतो, चरक तिथल्या तिथं थांबतो. ट्रॅक्टर चालूच राहतो, त्याला काही कळतही नाही.

आणि खिट्टी सोडवायला हात लागू नये. हात जिथं अडकलाय तिथं दुसऱ्या हातानं लिव्हर शोधायला कुणाला सुचत नाही. म्हणून ऊस घालायच्या परातीसमोर, घालणाऱ्याच्या पोटाच्या उंचीला एक आडवा पाइप आहे, दोन बिजागऱ्यांवर झुलता, आणि त्याच्यापासनं खिट्टीपर्यंत सायकलच्या ब्रेकसारखी तार. माणूस पुढं ओढला गेला की पोट पाइपला लागतं आणि खिट्टी सुटते. सुरुवातीला सारखी सुटायची, भाऊ वैतागला, "दादा, जरा वाकलं तरी बंद पडतंय" म्हणून तार बांधून ठेवली होती त्यानं. मी ती कापून टाकली आणि स्प्रिंग जरा कडक केली, पाइप दोन बोटं अंतर ढकलला तर काही नाही, चार बोटं अंतर ढकलला तर सुटतो. रोज सकाळी ऊस घालायच्या आधी एकदा पोटानं ढकलून बघायचं, मगच काम.

पट्टा सैल पडल्यावर ३६ इंची पुली हातानं उलटी फिरवता येते, १५ फेऱ्यांना रोलरचा एक, त्यामुळं एकटा माणूस पण रोलर मागं घेऊ शकतो. अडकलेला ऊस काढायला याचा रोज उपयोग होतो, आणि देव न करो, हात अडकला तर काढायला पण हाच रस्ता. हौसिंग लावलेलं असतं तर आधी पीटीओ सोडवा, मग क्राउन-पिनियन उलटं फिरवा, तोवर माणूस बेशुद्ध.

तिसरं, शिअर बोल्ट, म्हणजे जास्त लोड आला की आधी स्वतः तुटणारा बोल्ट. पट्टा घसरणार, जॉकी सुटणार, मग बोल्ट कशाला? कारण पट्टा फाटून काउंटर शाफ्टला गुंडाळला गेला तर वरचं दोन्ही संपलं. रोटरच्या पीटीओ शाफ्टला शिअर बोल्टचा योक असतो पण त्यातला बोल्ट ट्रॅक्टरच्या ताकदीच्या हिशोबाचा, आपला चरक त्याच्या आधी तुटंल. म्हणून योकच्या भोकात बुश मारून भोक ६ मिमीचं करून घेतलं. साधा एमएसचा (साध्या पोलादाचा) ४.६ ग्रेडचा ६ मिमी बोल्ट, शाफ्टच्या मध्यापासनं ५० मिमीवर, तो दहा एचपीच्या लोडच्या साधारण अडीच पटीला तुटतो. म्हणजे नेहमीच्या कामात टिकतो, खरा दणका बसला की जातो. डोक्यावर ८.८ लिहिलेला बोल्ट घालू नका, तो दुप्पट ताकदीचा, मग घातला काय आणि न घातला काय. आट्याचा भाग दोन योकच्या मधल्या फटीत यायला नको, तिथं बोल्टचं गुळगुळीत अंग यायला पाहिजे, नाहीतर आट्यांवर तो लवकरच तुटतो आणि माणूस कंटाळून जाड बोल्ट घालतो. दहा-वीस बोल्ट आणून डब्यात ठेवा. आणि हे विसरू नका, योकचे दोन भाग एकमेकांवर मोकळे फिरतायत ना ते हंगामाच्या सुरुवातीला बोल्ट काढून बघा, ग्रीस मारा. गंजून धरलेले असतील तर बोल्ट तुटतो आणि शाफ्ट तसाच फिरत राहतो, मग अण्णांचा प्रश्न परत.

गेल्या हंगामात उसाच्या बुडक्याबरोबर दगड गेला. पट्टा किंचाळला, भाऊनं पोट पुढं ढकललं, सगळं गप्प. पुली उलटी फिरवून दगड काढला, रोलरला बारीक खोच पडली तेवढंच. शिअर बोल्ट अजून पहिलाच आहे.

पीटीओ शाफ्टला प्लॅस्टिकचं कव्हर असतं ते रोटरवरनं काढून फेकलेलं असतं सगळ्यांनी, आमचं पण फेकलेलं होतं. इथं ते पाहिजेच, आणि त्याच्यावरनं पत्र्याचा बोगदा पण करा. रोटर रानात चालतो, त्याच्याजवळ कुणी नसतं. गुऱ्हाळावर पोरं असतात, बायका रस प्यायला येतात, पदर असतो, उपरणं असतं, मोळ्यांचे दोर पडलेले असतात. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९ फेरे. पदराचं टोक लागल्यापासनं माणूस "अरे" म्हणेपर्यंत चार-पाच हात कापड गुंडाळलेलं असतं. मी तर पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बांबूचं कुंपण केलंय आणि पाहुण्यांना रस बाहेर आणून देतो. परात पण लांब पाहिजे, तोंडापासनं रोलरपर्यंत निदान तीन फूट, म्हणजे हात पूर्ण लांब केला तरी रोलरला पोचू नये. शेवटचं बुडूक ढकलायला हात नाही, पुढचा ऊस.

चालू करताना, जॉकी वर, चरक रिकामा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाखाली दगड. ट्रॅक्टर कमी रेसवर, क्लच दाबून पीटीओ टाकायचा, क्लच हळू सोडायचा, काउंटर शाफ्ट फिरू लागला की रेस वाढवायची, मग जॉकी दाबायची, रोलर दोन-चार फेरे रिकामे फिरू द्यायचे, मग एक ऊस, मग दोन. मागच्या रोलरची फट दीड-दोन मिमी आणि पुढची आठ-दहा मिमी ठेवलीय, त्यात शंभर किलो उसाला साठ किलोच्या आसपास रस निघतो. ट्रॅक्टरला जोर आहे म्हणून लोक मागची फट अजून आवळतात, रस थोडा वाढतो पण बुश तापतात आणि चिपाडाचा भुगा होऊन रसात उतरतो, मळी काढता काढता गुळव्या शिव्या देतो.

डिझेल मला तासाला तीन लिटरच्या आसपास जातं, जुनं इंजिन दोन खायचं. मोठा ट्रॅक्टर हलक्या लोडवर चालवला की हे होणारच. ट्रॅक्टरला ५४०-ई असंल तर तो टाका, तेवढेच फेरे कमी रेसवर मिळतात. नसंल तर काउंटर शाफ्टवर १२ ऐवजी १४ इंची पुली घालून रेस कमी ठेवता येते, पुढच्या वर्षी मी तेच करणार आहे. आणि ज्यांच्याकडं थ्री फेजची लाइट दिवसा नीट मिळते त्यांनी यातलं काही न करता सरळ दहा एचपीची मोटर बसवावी, ट्रॅक्टर नांगराला मोकळा राहतो. आमच्याकडं लाइट एका आठवड्याला दिवसा, एका आठवड्याला रात्री, आणि काहील (रस आटवायची कढई) एकदा चुलवाणावर चढली की रस मधेच थांबवून चालत नाही.

काम संपलं की त्याच दिवशी रोलर, परात, मांदण गरम पाण्यानं धुवायचं, रस रात्रीत आंबतो आणि दुसऱ्या दिवशीचा सगळा घाणा बिघडवतो. पट्ट्यावर पाणी जाऊ देऊ नका. हंगाम संपल्यावर पट्टा उतरवून, क्लिपची सळई काढून, गुंडाळून माळ्यावर, उंदीर लागणार नाही असा. गिअरना ग्रीस थापून वर पोतं बांधायचं, आणि डब्यातले ६ मिमीचे बोल्ट तिथंच राहू द्यायचे, घरात नेले तर कुणीतरी पलंगाला लावतं आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी हाताला लागेल तो बोल्ट घालून ट्रॅक्टर चालू होतो.